राखीव जावई

माझ्या सासऱ्यांना आयुष्यात सुटा माणूस असा कधी दिसलाच नाही. त्यांना दिसायच्या त्या तुकड्या. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन शिवाजी पेठेत राहायला आले, तरी भाजीच्या गाडीभोवती चार बायका जमल्या की ह्यांची नजर आधी त्यांची म्होरकी शोधायची. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा चहाच्या आधीच त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हणालो, दहा. "म्हंजे नुस्ता एक सेक्शन की! तीन सेक्शनांची प्लॅटून, तीन प्लॅटूनींची कंपनी, चार कंपन्यांची पलटण, तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडींची डिव्हिजन. तुमी अजून लई खाली हायसा, पावणं." आईच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. एवढं होऊनही लग्न ठरलं, ह्याचा धक्का मला अजून बसतो.

खरा हादरा मेहुणीच्या लग्नात बसला. वाढप्यांच्या त्यांनी तीन तुकड्या केल्या. दोन मेहुण्यांच्या हाताखाली दोन, तिसरी माझ्याकडे. मला वाटलं, मान दिला. तर आम्हाला भरल्या पातेल्यांपाशी नुसतं बसवून ठेवलं! जरीचा फेटा बांधलेला मी, घरचा थोरला जावई, आमटीची राखण करतोय, आणि समोर पंगत "आमटी, आमटी" म्हणून ओरडतेय. मी तणतणत गेलो. "मामा, माणसं खोळंबलीत." "खोळंबूद्यात. दोन फुडं, एक राखीव. मी सोडा म्हणंस्तवर हलायचं न्हाय." शेवटी गडहिंग्लजहून न सांगितलेली आणखी एक बस भरून पाहुणे उतरले, तेव्हा कुठे "राखीव सोडा!" अशी आरोळी आली. सासऱ्यांची अब्रू वाचली, माझी गेली. ह्या घरात आपण उरल्यासुरल्यातले, हे मी त्या दिवशीच मनाशी धरलं आणि ते वर्षानुवर्षं सलत राहिलं.

गेल्या वर्षी त्यांना हृदयाच्या ऑपरेशनला नेत होते. दोन्ही मेहुणे पुढं रडत उभे, मी सवयीनं मागं भिंतीपाशी. स्ट्रेचरवरून त्यांनी मान उचलली. "तुमी दोघं सरा बाजूला. जावईबापू, फुडं या." माझा हात धरला आणि शेजारच्या सासूबाईंकडं पाहिलं. "सगळ्यात भरवशाची तुकडी राखीव ठेवत्यात, ठावं हाय न्हवं? आता सोडली. हिला सांभाळा."

ते परतले नाहीत. सासूबाई आता आमच्याकडं असतात. परवा धाकट्या मेहुण्याच्या मुलीचं बारसं होतं. पंगत बसली आणि मी आपसूक पातेल्यांपाशी जाऊन बसलो. "आमटी, आमटी" सुरू झालं तरी पाय उचलेना. मामांची फार आठवण आली. तेवढ्यात सासूबाई मागून हळूच म्हणाल्या, "राखीव सोडा की आता, जावईबापू."