कडी नसलेलं घर

कोयनानगरात शालूबाईंच्या घरी एकाही दाराला आतून कडी नव्हती. मोरीत गेलेला माणूस मोठ्यानं खाकरायचा, नाहीतर बादली वाजवत राहायचा. कुंडलहून आलेली सून क्रांती वीस वर्षं हेच करत होती. "आमच्यात अंघोळीला आधी गळा लागतो," असं सांगून माहेरच्यांना हसवायची. कडी का नाही, ते मात्र शालूबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नात राजनंदिनी साताऱ्यात शिकत होती. तिच्या कॉलेजात भारत-जपान युवा परिषद भरली. विषय भूकंप. कोयना बघायला आलेल्या मुलांपैकी हारुका दोन दिवस यांच्याकडे उतरणार होती. परिषदेची अट एकच : पाहुणीच्या खोलीला आतून कडी हवी.

क्रांतीनं सुतार बोलावला. पहिला स्क्रू फिरला तशा शालूबाई अंगणात जाऊन बसल्या.

"आवं आत्याबाई, कडीच हाय ती. चावती व्हय?"

"पोरीला म्हणावं, लावू नगंस."

"परक्या मुलखातली पोर, दार उघडं टाकून झोपंल व्हय?"

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी हारुकाला घेऊन आली. दुपारी जेवून हारुका राजनंदिनीच्या खोलीत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. शालूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. ताट सारून त्या बंद दारासमोर पाट टाकून बसल्या.

थोड्या वेळानं मांडणीतली भांडी किणकिणली. जमिनीखालून घरघर आली. क्रांती आणि राजनंदिनी सवयीनं अंगणात पळाल्या. शालूबाई पाटावरून उठल्या. "कडी काढ! पोरी, कडी काढ!" म्हणत त्यांनी सगळं अंग दारावर टाकलं.

कडी काढलेलीच होती. त्या आत पडल्या. अभ्यासाच्या टेबलाखालून एक हात आला आणि त्यांना ओढून घेऊन गेला.

हादरा थांबल्यावर राजनंदिनी धावत आली. हारुका तिच्याशी इंग्रजीत काही बोलली.

"आज्जी, त्यांच्याकडं लहानपणीच शिकवतात म्हणं. हलायला लागलं की आधी दार उघडायचं, मग टेबलाखाली. भिंत कलली की दार अडकतं ना, म्हणून."

शालूबाई टेबलाखालून निघेनात. तिथूनच त्या बोलल्या.

"सदुसष्टचा भूकंप झाला तवा मी सात वर्साची. थंडी वाजत हुती म्हणून कडी मीच घातली. दार अडकलं. आबांनी कौलं काढून मला वर घेतलं. धाकला भाऊ आतच ऱ्हायला." त्यांनी हारुकाचं मनगट धरलं. "कडी कुणी घातली ते कुणी इचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई."

दाराशी आलेली क्रांती जागच्या जागी थांबली. हारुका राजनंदिनीकडे बघत होती.

"आज्जी, हिला सांगू?"

शालूबाईंनी हारुकाचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"सांग," त्या म्हणाल्या. "पर ते दार लोटू नगंस."