सतरावा नंबर आणि पाटीभर झेंडू

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या जूनमध्ये मी रागावतही नव्हते, नुसती गप्प होते. अकरावी-बारावीची दोन वर्षं पुण्याच्या ज्या कॉलेजवर डोळा ठेवून अभ्यास केला, त्यांनी मला घेतलंही नाही आणि नाहीही म्हटलं नाही. प्रतीक्षायादीत सतरावा नंबर दिला. सरळ नाही म्हटलं असतं, तर दोन दिवस रडून मोकळी झाले असते.

नाशिकजवळ आमचा फुलांचा मळा आहे. तिथे मोबाइलला रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यापाशी, म्हणून माझा मुक्काम कठड्यावर. दर दहा मिनिटांनी कॉलेजची साइट उघडायची आणि तेच सतरा बघायचं. झेंडू तोडायला मला कुणी हाक मारेना. आई ताट वाढायची, मी चतकोर भाकरी कुस्करून उठायचे. एरवी ताटात अन्न टाकलं तर आई घर डोक्यावर घेते, पण तेव्हा एका शब्दानं बोलली नाही. मला ते जाणवलंसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष यादीत.

तिसऱ्या आठवड्यात यादी हलली. सतराची मी नऊवर आले. अप्पा, म्हणजे माझे वडील, फुलबाजारात भेटेल त्याला ते सांगत सुटले. त्या दिवशी आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. मी पोटभर जेवले, वर आणखी रस्सा मागून घेतला. आईनं वाढलं, पळी खाली ठेवली आणि देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाहीर केलं की मंगळवारी सप्तशृंगीच्या गडावर जायचं, नवस फेडायचा. आपल्या मळ्यातला पाटीभर झेंडू डोक्यावर घेऊन ती पायऱ्या चढणार होती.

मग मात्र माझा राग पुन्हा नाकावर आला. नववा नंबर म्हणजे प्रवेश नव्हे, हे मी तिला तीन वेळा समजावून सांगितलं. बाजारात तुरी आणि आपण नवस फेडायला निघालो, लोक काय म्हणतील? तोवर चुलतीचा फोनही येऊन गेला होता, पोरीचं काम झालं म्हणून अभिनंदन करायला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आई शांतपणे म्हणाली की बोललेलं फेडायचं असतं, उशीर करायचा नसतो. अडाणीपणाचा कळस आहे, असं मी अप्पांना म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

मंगळवारी एसटीनं गडावर पोहोचलो. अप्पांनी ट्रॉलीनं वर जाऊ म्हणून सुचवून पाहिलं. आईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते गुमान खालीच थांबले. आई पाटी घेऊन चढू लागली आणि मी पाण्याची बाटली घेऊन, तोंड फुगवून मागे. अर्ध्या वाटेवर ती दम खायला थांबली. पाटी उतरवायला मी हात लावला आणि तेवढ्यातही बोललेच, की उद्या प्रवेश मिळाला नाही तर देवीकडून ही फुलं परत मागणार आहेस का?

आई पायरीवर बसली. पदरानं मान पुसली.

"मी कॉलेज मागितलंच नव्हतं गं. त्यातलं मला काय कळतंय? पोरीच्या पोटात अन्न जाऊ दे, एवढंच म्हनले होते. त्या दिवशी तू रस्सा मागून घेतला. झालं की माझं काम."

मी आकडे मोजत होते तेव्हा ती माझे घास मोजत होती. मी पाटी माझ्या डोक्यावर घ्यायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला. "नवस माझा हाय," म्हणाली. मग मी पाटीची एक कड धरली आणि तिच्या शेजारून चढत गेले. देवीपुढे मी त्या दिवशी काहीही मागितलं नाही. मागायचं ते माझ्या आधीच कुणीतरी मागून ठेवलं होतं.

आता मी नाशिकच्याच कॉलेजात शिकते. फुलं घेऊन जाताना अप्पा मला गेटवर सोडतात आणि माझ्या दप्तराला कायम झेंडूचा वास येतो. मैत्रिणी चिडवतात. त्या सतराव्या नंबराचे मी मनापासून आभार मानते. पहिल्याच यादीत नाव आलं असतं, तर आई कशासाठी देवीपुढे उभी राहते, हे मला कधी कळलंच नसतं.

पुण्याची यादी पुढे सरकली ती माझा नंबर चार होईपर्यंत, आणि तिथेच प्रवेश बंद झाले. ते कळलं त्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. ती माझ्या हाताकडे बघत होती. मला अजिबात भूक नव्हती. मी भाकरी मोडली, पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग वाटी पुढे करून म्हणाले, "आई, अजून वाढ."