दोन केबली, एकच स्विच

चाकणच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. त्यांच्या डायची, म्हणजे साच्यांची, सगळी ड्रॉइंग एका जुन्या सर्व्हरवर होती आणि त्याची डिस्क कुरकुरायला लागली होती. ती गेली असती तर ड्रॉइंगबरोबर माझी नोकरीही गेली असती. म्हणून बॅकअपचं नवं मशीन आलं. त्याला दोन केबली एकत्र जोडलेल्या. "वेग दुप्पट, आणि एक गेली तरी दुसरी चालूच," बसवणारा इंजिनिअर म्हणाला.

गोड बोलणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसत नाही. मी म्हटलं, "मग एक उपसून दाखव." तो नुसता हसला. मॅनेजरसाहेबांनी उलट मलाच झापलं, "चांगलं चाललंय, त्यात काड्या घालू नकोस." तरी मी जाता-येता त्या केबलींच्या टोकाशी लुकलुकणाऱ्या दोन हिरव्या दिव्यांकडे चोराकडे बघावं तसा बघायचो.

खंडेनवमीला प्लांट बंद ठेवून मशीनं धुऊन-पुसून पूजा होते. काम बंद आहे तोवर सगळी कॉपी काढून घ्यावी म्हणून मी सकाळीच बॅकअप लावला. मेंटेनन्सचे मामा, इथल्याच गावचे, ओलं फडकं घेऊन आले. शॉक बसू नये म्हणून त्यांनी स्विचचा, म्हणजे केबली जिथे येऊन मिळतात त्या डब्याचा, प्लग काढला. दोन्ही दिवे एकदम विझले. कॉपी थांबली.

"आमी दरसाल असंच पुसतो. कुकू लावायचं हाय ना," मामा बावरून म्हणाले.

पेढे खायला आलेल्या इंजिनिअरला मी हाताला धरून आणलं. "दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये!" मी ओरडलो.

"भाऊ, त्यानेच वेग मिळतो. वेगवेगळ्या स्विचमध्ये टाकल्या तर एका वेळी एकच चालेल."

"एकच चालू दे."

कॉपीला जास्त वेळ लागणार होता आणि तेवढ्यात डिस्क मान टाकेल की काय, अशी धास्ती होतीच. तरी मी एक केबल दुसऱ्या स्विचमध्ये टाकायला लावली. प्लग परत लावून कॉपी पुन्हा सुरू झाल्यावर चालती केबल स्वतःच्या हाताने उपसली. कॉपी क्षणभर अडखळली आणि चालू राहिली. मग मामांनी फूल वाहिलं.

दसरा उलटला आणि डिस्क खरंच गेली. सगळी ड्रॉइंग बॅकअपमधून परत आली. शिफ्टवरच्या कुणाला पत्ताही लागला नाही.

"बघ," साहेब म्हणाले, "उगीच संशय घेत होतास. झालं का काही?"

मला संताप आला.

"नाही साहेब," मी म्हटलं, "काहीच झालं नाही."