पत्र्यावरचा थर

आमच्या डेअरीत दूध तापवणाऱ्या यंत्राच्या पत्र्यांची चळत आज धुण्यासाठी उघडली होती. या पातळ, पन्हळी पत्र्यांच्या एका बाजूने तापून निघालेलं दूध वाहतं, दुसऱ्या बाजूने आत येणारं गार दूध. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, तरी जाणारं दूध आपली ऊब येणाऱ्याला देऊन जातं. पण पत्र्यावर दुधाचा थर बसला की ऊब अडते. थर तरी केवढा, नखाने खरवडावा एवढा.

तो बघताना मला घर आठवलं. माझ्या आणि वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, खोल्यांच्या मध्ये एकच भिंत आहे. त्यांचं खोकणं मला रात्रभर ऐकू येतं. आमचं भांडण असं कधी झालं नाही. माझं रोजचं ‘हं’, ‘बघू’, ‘नंतर’ तेवढं साचत गेलं. लाज वाटली. तिथूनच त्यांना फोन लावला.

"काय रे, काही झालं का?" अण्णा घाबरून म्हणाले.

"नाही अण्णा, सहजच केला."

"सहज? खरं सांग, बरा आहेस ना?"

मुलाने सहज केलेल्या फोनने त्यांनी घाबरावं, ही सवय मीच त्यांना लावली होती.