लग्नातून परत आलेलं सरबत

दिलेला आहेर कोणी परत करतं का? माझा केला. भर मंडपात.

भाचीचं लग्न वलगावजवळच्या एका लॉनवर होतं. मामाचा आहेर म्हणून मी अकोल्याहून टेम्पो भरून माझ्या कारखान्यातलं लिंबू सरबत नेलं. रसातला गर आणि जिऱ्याची भरड बाटलीभर सारखी पसरलेली. ते जमायला दोन उन्हाळे गेले. आधी सरबत दाट राहावं म्हणून गवार गम वापरायचो. लिंबाच्या आंबटपणापुढे तो पातळ व्हायचा आणि गर तळाला बसायचा. मग झँथन गम सापडला. महाग, म्हणून दलालाशी कडाकडा भांडलो. पण चिमूटभर पुरतो. आंबट, मीठ, उकळी, कशाला दाद देत नाही. बाटली हलवली की सरबत सहज ओतलं जातं, ठेवली की गर जिथल्या तिथे थांबतो.

हा गम जंतू तयार करतात. साखरेच्या पाण्यात वाढताना ते बुळबुळीत पदार्थ सोडतात; मग जंतू मारून तो पदार्थ वेगळा काढायचा, वाळवायचा, दळायचा. त्याच जातकुळीतला दुसरा जंतू लिंबावर खैऱ्या रोग आणतो. खैऱ्याच्या डागांमुळे अडत्यांनी माझ्या बागेतली लिंबं नाकारली, म्हणून तर मी सरबताकडे वळलो. जंतूंमधल्या एका भावाने बुडवलं, दुसऱ्याने उभं केलं. मंडपात मी हे कौतुकाने सांगत होतो.

भाचीचे मोठे काका, अमरावतीचे वकील, चष्मा सावरत लेबल वाचू लागले. त्यावर बारीक अक्षरात झँथन गमचा ठरलेला आकडा असतो, चारशे पंधरा.

"मामा, हे चारशे पंधरा म्हणजे तुमचे जंतूच ना? पाहुण्यांना जंतू पाजता?"

"जंतू नाही जी, त्यायनं बनवलेला गम. दही खाता ना तुमी? ते का कोर्टाच्या हुकमानं लागते?"

लोक हसले. तिथेच वकील पेटले. वाढप्यांना म्हणाले, "हे उचला सगळं. पॅकेटातलं मोसंबी आणा."

मी चायनीजच्या स्टॉलवरची सॉसची बाटली उचलली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "वाचा."

त्यांनी वाचलं. चारशे पंधरा.

"ते कंपनीचं आहे, मामा."

गम तोच, आकडा तोच. परवाना माझ्याकडेही आहे, तपासणी माझ्याकडेही होते. पण माझ्या हाताला लागलं की जंतू आणि कंपनीच्या बाटलीत गेलं की सॉस! मी त्यांची कॉलर धरणारच होतो, तेवढ्यात बहीण मध्ये आली.

"दादा, पोरीच्या मांगं तुलेच उभं राहाचं हाये. आज नको."

मी उभा राहिलो. मंगलाष्टकं संपेपर्यंत भाचीच्या पाठीशी दात आवळून उभा होतो, आणि समोर वाढपी माझे क्रेट टेम्पोत चढवत होते. एकाही पाहुण्याने घोटभर चाखलं नाही.

बहीण म्हणते, सोडून दे. मी सोडणारा नाही.

या हंगामात नवी लेबलं छापायला टाकली. छापखानेवाला नमुना बघून म्हणाला, "भाऊ, हा चारशे पंधराचा आकडा सरबताच्या नावाहून मोठा काहून?"

"वकीलसाहेबाले चष्म्याबिगर वाचता आलं पाह्यजे," मी म्हटलं. "अन् तू छपाईचा भाव कमी कर."