दाजींचा हात आणि दीक्षाच्या गाडीचा प्लग

आमच्या दाजींनी एकदा आवळलेली वस्तू बापजन्मात सुटायची नाही. नळ, गॅसची कळ, लोणच्याच्या बरणीचं झाकण, काहीही असो. बायडाआक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लोणचं काढायचं म्हटलं की शेजारच्या दोन बायका बोलवायची. एकीनं बरणी धरायची, दुसरीनं झाकण, आणि आक्कानं नवऱ्याचा उद्धार करायचा.

दाजी म्हणजे अर्जुना कांबळे. कोयना प्रकल्पावर खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले, फिटर म्हणून निवृत्त झाले आणि पाटणला येऊन राहिले. प्रकल्पावरचे बोल्ट मनगटाएवढे जाड. पान्याला पुरुषभर पाईप अडकवायचा आणि तिघांनी त्याला लोंबकळायचं, अशी तिथली रीत. त्यात सदुसष्टचा भूकंप. त्या हादऱ्यात खोलीतलं लोखंडी कपाट दाजींच्या पायावर आलं, आणि तेव्हापासून ढिली वस्तू दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. घरातलं कपाट, फळी, घड्याळ, सगळं भिंतीला बोल्टनं पक्कं. बाबासाहेबांच्या तसबिरीला तर सहा स्क्रू. भिंत पडली तरी तसबीर पडणार नाही, असं ते पाहुण्यांना सांगायचे. भिंत पडल्यावर ती लटकणार कशाला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

मी भाऊसो, त्यांचा मेहुणा. सांगलीला एका मोटार डीलरच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर. निळा शर्ट, खिशाला नावाची पट्टी. दाजी मला पुड्या बांधणारा म्हणायचे. राग यायचा, पण खोटं कसं म्हणू?

शहाण्णव साली त्यांची लेक दीक्षा, सांगलीला बँकेत ऑफिसर, तिनं जुनी मारुती घेतली. आमच्या अख्ख्या भावकीतलं पहिलं चारचाकी वाहन! एका रविवारी ती स्वतः चालवत पाटणला निघाली. शेजारी मी, हँडब्रेक धरून. कराड सोडल्यावर गाडी आचके द्यायला लागली. दीक्षा म्हणाली, "मामा, आबांना ह्यातलं काही सांगायचं न्हाई. बघू दे त्यांना गाडी, पण उघडू द्यायची न्हाई. उद्या तुमच्याकडंच दाखवते."

दाजी दारातच उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. गाडीभोवती तीन चकरा मारल्या. हात मात्र पाठीमागं बांधलेले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात मशीन म्हणावं असं काही त्या हातांत आलं नव्हतं. शेजाऱ्यांचे स्टोव्ह तेवढे उघडायचे.

"आवाज बरा न्हाई गं हिचा," ते म्हणाले.

"असू दे, आबा. कंपनीत दाखवणार हाय मी."

"कंपनीत म्हंजे ह्या पुड्या बांधणाऱ्याकडं?"

दीक्षा हसली आणि जेवून मैत्रिणीला भेटायला गेली. किल्ली माझ्याकडं दिली. इथंच माझी चूक झाली राव, मी मटण खाऊन आडवा झालो. डोळा उघडला तर बॉनेट वर, आणि दाजी वाकलेले. इंजिनाचे तीन स्पार्क प्लग काढून, पॉलिश पेपरनं घासून, दोन परत बसवलेसुद्धा. तिसऱ्याच्या पान्याला हातभर पाईप लावला होता.

"दाजी, पाईप काढा! इंजिनाचा हेड ॲल्युमिनियमचा हाय, मऊ!"

"ढिलं ऱ्हायलं तर वाटंत उडंल," म्हणत त्यांनी अजून एक पीळ दिला. आतून कच्च झालं आणि पाना लोण्यात फिरावा तसा गरगरला. प्लग हातात आला, त्याला आट्यांची चंदेरी वेटोळी लोंबत होती. भोकातले आटे साफ गेले होते.

दाजी खाली उंबऱ्यावर बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं बघितलं.

दीक्षा आली, बघितलं, आणि पर्स आपटली. "मी काय सांगितलं हुतं, आबा? ही गाडी हाय, तुमचं धरण न्हवं! आजपास्नं हिला हात लावायचा न्हाई. कवाच न्हाई."

 आक्कानं चुलीवरून बाहेर बघितलं आणि चक्क नवऱ्याचा उद्धार केला नाही. आक्का गप्प म्हणजे मामला लय वाईट.

दीक्षानं मला विचारलं, "मामा, कंपनीत काय करतील?"

"अख्खा हेड बदलतील. पुण्याहून येईल. धा-पंधरा दिवस धर."

"एका भोकापायी?" दाजींनी मान वर केली. "आटा पाडायला काय हुतं तुमास्नी?"

"आमच्याकडं दुरुस्ती नसती दाजी, बदली असती. आटे पाडायला माणूसच न्हाई." हे बोलताना मला माझ्या निळ्या शर्टाची लाज वाटली, खरंच सांगतो.

दाजी उठले. लेकीसमोर उभे राहिले, पण तिच्याकडं न बघता गाडीकडं बघत म्हणाले, "मी बिघडवलं. मला नीट करू दे. न्हाई जमलं तर हेड बदल, आन् मग हितनं फुडं तुझ्या गाडीच्या सावलीतबी उभा ऱ्हाणार न्हाई."

दीक्षानं आपटलेली पर्स उचलली आणि उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मी हितंच बसणार. डोळ्यांम्होरं करायचं."

गावातल्या लालासाहेबाच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, जाऊन दाजींनी एक लोखंडी बुश, आखूड नळीसारखं, करून आणलं, बाहेरून मोठा आटा आणि आत प्लगचा. मग कराडच्या जुन्या बाजारातून कधीतरी आणलेला जाड टॅप काढला. टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार; त्यानं भोकात नवा मोठा आटा पाडायचा आणि त्यात बुश बसवायचं. त्याच्या खाचांत ग्रीस भरलं, ॲल्युमिनियमचा कीस इंजिनात पडू नये म्हणून. पडला असता तर हेड सोडा, इंजिनच गेलं असतं.

आणि मग मी जे बघितलं ते सांगायचं म्हणजे पंचाईत आहे, कारण एवढी वर्षं मी ह्या माणसाला रेडा म्हणत आलो. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. कान टॅपशी. थोडं गेलं की टॅप बाहेर, पुसायचा, नवीन ग्रीस, परत आत. आक्कानं चहा आणला, निवला, साय धरली. दीक्षानं उजेडाला बॅटरी धरली होती. हात दुखला की हात बदलत होती. बुश बसलं. दाजींनी काडीला ग्रीस लावून भोकात फिरवली, मग प्लग न लावता मला किल्लीनं इंजिन चार वेळा नुसतं फिरवायला लावलं, राहिलासाहिला कीस उडून जावा म्हणून.

शेवटी प्लग. बोटांनी फिरवत फिरवत आत घातला. मग पाना लावला. मनगट फुगलं, दंडावरची शीर टरारली. मी डोळेच मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर दाजींनी पाना दीक्षापुढं धरला होता.

"तू आवळ," ते म्हणाले. "मला थांबायचं कळत न्हाई गं."

 दीक्षानं बॅटरी माझ्या हातात कोंबली, पाना घेतला आणि वाकली. थोडं फिरवलं. "एवढं?"

"तुला काय वाटतंय?"

"बास झालं, असं वाटतंय."

"मग बास."

गाडी सुरू झाली, तिन्ही सिलिंडरवर, एकही आचका नाही. दाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ग्रीसच्या हातानं पुसलं, तोंड काळं झालं, आक्का पदर घेऊन धावली. दीक्षानं गाडी बंद केली, बॉनेट तसंच उघडं ठेवलं.

"आबा, ते बाकीचं दोन प्लगबी तुमीच आवळल्यात न्हवं का? काढा. रातभर लागली तरी चालंल, माझ्या हातानं बसवू. मामा, मॅनेजरच्या घरी फोन लावा, उद्या मी रजेवर हाय म्हणून."