एकुलत्या मोटारींची कुळकथा

साडीबाजाराजवळच्या पर्वत पाटिया भागात चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, एक गृहस्थ रोज भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्याजवळ रद्दीतून आणलेलं एक परदेशी मासिक असे, त्यात म्युझियममधल्या स्पोर्ट्स कारचे फोटो. एकच नमुना बनवून कारखान्याने सोडून दिलेल्या त्या गाड्या. बशीतला चहा फुंकत तो एकेकीची कुळकथा सांगायचा. "हिची शेपटी त्या इटालियन गाडीवरून उचललीय. साले चोर!" असं म्हणून फोटोवर बोट आपटायचा, की आमच्याही बशांतला चहा हिंदकळायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साड्यांची डिझाइनं काढायचो. एकदा नव्या किनारीतल्या मोरांना घाईत पाय काढायचे राहिले. आठवड्याभरात दुसऱ्याच व्यापाऱ्याची साडी बाजारात आली, तिच्यावरही बिनपायांचे मोर! नक्कल कोणी उतरवली ते शोधत त्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर चढलो, तर ट्रेसिंग पेपर पसरून लारीवरचा हाच गृहस्थ बसलेला.

"आता चोर कोण?" मी विचारलं.

तो जराही ओशाळला नाही. "भाऊ, एकटा राहिलेला नमुना म्युझियममध्ये जातो. तुमचे मोर मी घरोघरी पोचवले. पुढच्या वेळी पाय तेवढे काढा."